हातांची आग

बजाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना ओला पंचा गुंडाळलेला होता. उत्कर्षाला वाटलं, भाजलंय.

"भाजलेलं नाही मॅडम, काहीच नाही," त्यांचा मुलगा इंद्रजीत म्हणाला. तो मूळचा करकंबचा. आता सोलापुरात ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवायचा, आणि त्याच्या बोलण्यात गाव नि शहर आलटून पालटून यायचं. "कातडीच्या डॉक्टरांनी बघितलं, मेंदूच्या डॉक्टरांनी बघितलं, साखर बघितली. सगळं नॉर्मल. आन ही म्हणती, आग होतीय. जेवण सोडलंय, बादलीत हात घालून बसून असती. झोपेच्या गोळ्या चालू आहेत. शेवटी डॉक्टरच म्हणाले, मॅडमकडं दाखवा."

"मॅडमकडं म्हंजे येड्याच्या डॉक्टरकडं," बजाबाई म्हणाल्या. "सांग की सरळ. मला काय कळत न्हाय व्हय?"

"मी डॉक्टर नाही, मावशी," उत्कर्षा म्हणाली. "गोळ्या देत नाही. माझ्याकडे नुसतं बोलायचं असतं."

"बोलून आग जाती?"

"कधी कधी."

"आमच्या गावात बाया दिसभर बोलत्यात. त्यांची तर समद्यांची गेली असती मंग."

उत्कर्षाला हसू आलं, आणि आपल्याला हसू येतंय याचंच नवल वाटलं. आई गेल्यापासूनचं ते पहिलं हसू.

सात रस्त्याजवळ, औषधांच्या दुकानाच्या माडीवर, तिची दोन खोल्यांची जागा होती. बाहेर एक बाकडं, आत समोरासमोर दोन खुर्च्या, एक चटई, एक पंखा. मानसशास्त्र शिकून ती पुण्याहून परत आली होती ती आईसाठी. यशोदाबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि घरात त्या दोघीच. शिवरात्रीच्या आधी यशोदाबाई गेल्या. सकाळी ताक घुसळता घुसळता भिंतीला टेकून बसल्या, त्या तशाच. तेरावं झालं आणि उत्कर्षा कामावर आली. कमलाकर सरांच्या हाताखाली ती हे काम शिकली होती आणि अवघड माणसांबद्दल अजूनही त्यांच्याशीच बोलायची. सरांनी फोनवर विचारलं, "जमेल ना?" ती म्हणाली, "मी ठीक आहे, सर." ते अगदीच खोटं नव्हतं. ठीक नसलं की कसं वाटतं, याची तिला ओळख नव्हती.

त्यांच्या घरात माणसं एकमेकांना उगाच हात लावत नसत. हात लावायला कारण लागे: ताप बघायचा असला, तेल घालायचं असलं, डोळ्यांत गेलेलं कुसळ काढायचं असलं. यशोदाबाईंनी आपलं कारण शोधून ठेवलं होतं. संध्याकाळी लेक घरी आली की तिच्या मानेवर तळवा ठेवून म्हणायच्या, "किती घामेजलीस," थंडीतसुद्धा. त्या गेल्यावर भेटायला आलेल्यांनी हात जोडले, चहा घेतला, 'त्रास न होता गेल्या' म्हणाले. कुणी तिला धरलं नाही, आणि तिला ते खटकलंही नाही. फक्त एकदा मंडईत कोथिंबिरीची जुडी देताना भाजीवालीची बोटं तिच्या मनगटाला लागली, आणि ती तिथेच उभी राहिली, मागची बाई "सरका की ओ" म्हणेपर्यंत.

बजाबाई दर गुरुवारी यायला लागल्या. पहिल्या दोन खेपा त्यांनी सुनेच्या तक्रारींत घालवल्या. तिसऱ्या खेपेला पंचा सोडून बाजूला ठेवला आणि आपलेच हात परक्याचे असावेत तसे मांडीवर ठेवून बोलायला लागल्या.

त्यांची मुलगी रेश्मा वैरागला दिली होती. दिवाळीनंतर तापाने फणफणली. सोलापुरात दवाखान्यात ठेवली, ताप मेंदूत गेला. बजाबाईंनी तिला पाहिलं ते काचेतून. मग गाडीतून वैरागला नेली.

"सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं लागतं अंगावर, ठावं हाय न्हवं?" बजाबाई म्हणाल्या. "हिरवं घेऊन गेले मी. पोरीला आंगुळ घालत हुते. मी म्हनले, मी घालते. माझं मालक इंद्रजीत साळंत असतानाच गेलं. माझं कपाळ बघा. तर तिची चुलतसासू म्हनली, 'अवो, सवाष्ण हाय, भाग्याची गेलीय. मळवट भरायचाय, ओटी भरायचीय. तुमी जरा मागं ऱ्हावा.' भाग्याची!"

उत्कर्षाने पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला.

"लग्नातबी मी मागंच ऱ्हायले हुते. रीत हाय. हळदीला हात लावला न्हाय, काय वाटलं न्हाय मला. तवा पोरगी हसत हुती. पन बाई, मेलेल्या माणसाला माझ्या हातनं काय अपशकुन व्हनार हुता? त्याला काय व्हायचं ऱ्हायलेलं असतं?" त्यांनी हात पुढे केले. "मी असं हात फुडं केलं. तर दोघींनी मनगटं धरली माझी. जोरात न्हाय. लई मायेनं धरली. लुगडं तेवढं घेतलं. तवापासनं हितनं खाली आग हाय."

इथून म्हणजे मनगटापासून. उत्कर्षाने पाहिलं, कातडी पाण्यात राहून पांढरी, सुरकुतलेली झाली होती.

"करकंबात आमच्या रानात हीर हाय," बजाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "पानी लई गार. हात बुडवायला जायची मी. एकदा वाटलं, हातच कशाला?"

त्या दिवशी उत्कर्षाने इंद्रजीतला आत बोलावलं. आईला एकटं सोडायचं नाही, गावी पाठवायचं नाही, गोळ्यांच्या डॉक्टरांना आजच हे कळवायचं, असं तिने बजाबाईंच्या समोरच सांगितलं. इंद्रजीतचा चेहरा उतरला. बजाबाई म्हणाल्या, "घ्या! आता संडासला जातानाबी हा मागनं येनार." पण त्या रागावल्या नाहीत. कुणीतरी आपल्याला धरून ठेवतंय, हे त्यांना कळलं असावं. तिथपर्यंत उत्कर्षाचं काम चोख होतं.

पुढच्या खेपेला चैत्राचं ऊन माडीच्या पत्र्यावर तापलं होतं आणि वीज गेलेली. बजाबाई घामाने भिजल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "बाई, एक मागू?"

"मागा."

"तुमच्या डोक्यावरनं एकदा हात फिरवू द्या मला. एकदाच. रेश्मी तुमच्याच उंचीची हुती."

स्पर्शाबद्दल उत्कर्षाचे नियम काही कडक सोवळ्यातले नव्हते. कुणी पाया पडायला वाकलं तर ती मागे सरून हात जोडायची. रडता रडता कुणी तिचा हात धरला तर सोडवून घ्यायची नाही. स्वतः हात पुढे करायचा असला तर आधी समोरच्याला विचारायची, आणि त्याच्याही आधी स्वतःला. सरांनी शिकवलेला प्रश्न साधा होता: हा हात कुणाला हवाय? उत्तर 'समोरच्याला' असं आलं तर थोडं थांबून पुन्हा विचारायचा, कारण पहिलं उत्तर माणूस आपल्या सोयीचं देतं. आणि बजाबाईंना विचारण्यासारखंही कितीतरी होतं. हात फिरवलात तर काय होईल असं वाटतं? रेश्माच्या डोक्यावरून शेवटचा हात कधी फिरवला होता? त्या एका मागणीच्या मागे सगळं दुःख दाराशी येऊन उभं होतं.

प्रश्न तिच्या मनात आला. अगदी वेळेवर आला. तिने दार उघडलं नाही. तिने आपली खुर्ची पुढे ओढली आणि मान खाली घातली.

बजाबाईंचे तळवे खरखरीत होते, ओले आणि गार. ते कपाळापासून मागे गेले, कानामागून उतरले, मानेवर क्षणभर थांबले. मानेवर थांबले तेव्हा उत्कर्षाच्या घशातून एक आवाज निघाला, जो तिने याआधी कधी ऐकला नव्हता. ती रडत होती. बजाबाईंनी तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. लुगड्याला उन्हाचा नि कांद्याचा वास होता. "उगी, उगी माझी बाय," त्या म्हणत होत्या. बऱ्याच वेळाने त्या बाजूला झाल्या, आपले हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, "बघा की. गार पडलं."

संध्याकाळी इंद्रजीतचा फोन आला. "मॅडम, काय जादू केली ओ? आई जेवली. भाकरी स्वतः थापली! सुनेला म्हणली, बाजूला सर, तुला येत न्हाय." तो हसत होता आणि बहुतेक रडतही होता. "तुमचे उपकार कसे फेडू?"

फोन ठेवल्यावर उत्कर्षा खिडकीशी उभी राहिली. आपण काय केलं ते तिला माहीत होतं. पण बाई जेवली होती, आणि तिची स्वतःची मान अजून ऊबदार होती.

मग दर गुरुवारी तासाची सुरुवातच तशी होऊ लागली. 'तुमी'चं 'तू' झालं. "जेवलीस का? तोंड का सुकलंय?" बजाबाई विचारायच्या, आणि उत्कर्षा खरी उत्तरं द्यायची. "केस किती कोरडं गं," म्हणत त्यांनी एकदा पिशवीतून तेलाची बाटली काढली. उत्कर्षा बुधवारी न्हायला लागली, गुरुवारी केस मोकळे असावेत म्हणून. बजाबाईंचा पंचा घरीच राहायला लागला. आणि रेश्माचं नाव निघेनासं झालं. हे उत्कर्षाच्या लक्षात आलं होतं. आई आपल्या मेलेल्या मुलीबद्दल एक शब्द बोलत नाही आणि सगळे म्हणतात ती सुधारली, याचा अर्थ काय होतो ते तिने हे काम शिकायला येणाऱ्या मुलांना कितीदा समजावलं होतं. सरांना सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू, असं ती करत राहिली. सांगितलं तर ते थांबवतील, हेही तिला माहीत होतं.

अक्षय्य तृतीया झाली, त्याच्या पुढच्या गुरुवारी बजाबाई मोठी पिशवी घेऊन आल्या. इंद्रजीत त्यांना वर सोडून दुकानाचं काम उरकायला गेला.

"दार लावून घे," त्या म्हणाल्या. आज त्यांचा चेहरा शांत होता. त्यांनी चटई अंथरली. पिशवीतून नवं हिरवं लुगडं निघालं, नारळ, तांदूळ, खण, कुंकवाचा करंडा. "बस हितं."

"हे काय, मावशी?"

"लेकीची ओटी भरायचीय. आता कोन न्हाय म्हननारं न्हाय. बस."

नाही म्हणायला हवं होतं. उत्कर्षा चटईवर बसली. यशोदाबाईंनी तिची ओटी कधी भरली नव्हती. लग्नच झालं नव्हतं, भरणार कशी. बजाबाईंनी तिच्या खांद्यावर हिरवं लुगडं पसरलं. नव्या कापडाची खळ तिच्या गालाला लागली. बजाबाईंनी तळहातावर कुंकू ओतून त्यात पाण्याचे थेंब टाकले.

"आडवी हो जरा."

"आडवी?"

"व्हय. मळवट नीट भरता यायला नगं? हो."

ती आडवी झाली. डोळे मिटले. डोळे मिटल्यावर इतकं बरं वाटलं की कुणी उठवू नये. खालून रिक्षांचे आवाज येत होते, ते लांब गेले. बजाबाई तिच्या पायांशी काहीतरी करत होत्या, घोटे जवळ आणत होत्या.

"दक्षिण कुटं गं हितं?" त्या पुटपुटल्या. "विजापूर रोड तिकडं, म्हंजे... पाय असं कर, रेश्मे. असं. विजापूरकडं."

उत्कर्षाने डोळे उघडले. वर पंखा होता, आणि त्याच्या खाली कुंकवाने माखलेला हात तिच्या कपाळाकडे येत होता. बजाबाईंच्या चेहऱ्यावर माया होती, दुसरं काहीच नव्हतं. त्या मेलेल्या मुलीला सजवत होत्या. आणि ती मेलेली मुलगी पाय दक्षिणेला करून निमूट पडून होती, कारण तिलाही उठायचं नव्हतं.

ती ताडकन उठून बसली आणि तिने तो हात अडवला. दोन्ही हात अडवले. दुखू नये म्हणून हळूच धरले, मनगटांपाशी.

"नको, मावशी. मी रेश्मा नाही."

बजाबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या मनगटांकडे. उत्कर्षाला उमगलं ते तेव्हा, आणि तिने हात सोडले, पण व्हायचं ते झालं होतं.

"तुमीबी," बजाबाई म्हणाल्या. एवढंच. लुगडं तिथेच टाकून, कुंकवाचे हात तसेच घेऊन, त्या दार उघडून जिना उतरून गेल्या. उत्कर्षा अनवाणी मागे धावली. खाली भर दुपारची गर्दी होती, आणि गर्दीत साठीच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या कितीतरी बायका होत्या.

त्यानंतरची दुपार कशी गेली ते तिला पुढे सलग आठवायचं नाही. इंद्रजीत मोटारसायकलवरून आला, तिच्या कपड्यांवरचे कुंकवाचे डाग बघून पांढराफटक पडला. "आईनं काय केलं?" "त्यांनी नाही. मी." तो पुढे काही विचारायला थांबला नाही. दोघं एसटी स्टँडवर गेले. करकंबला जायची ती पंढरपूरची गाडी सुटून गेली होती. हातांना कुंकू लागलेली एक म्हातारी त्या गाडीत चढली, असं उसाच्या रसवाल्याने सांगितलं. त्याला वाटलं होतं, देवदर्शनाला निघाली असेल. इंद्रजीत करकंबला फोन लावत होता. शेजारचे सयाजीकाका फोन उचलत नव्हते. तो लावत राहिला. "उचल की लेका, उचल की," असं तो त्या निर्जीव फोनला म्हणत होता, आणि त्याच्या शेजारी उभी राहून उत्कर्षा मनात फक्त एक विहीर बघत होती, जी तिने कधी पाहिलेली नव्हती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सयाजीकाकांचा फोन आला. त्यांचा आवाज तिलाही ऐकू येत होता. "हाय, हाय, हितंच हाय. हिरीच्या काठावर पाय सोडून बसली हुती. मी म्हनलं, वैनी, च्या टाकला का, तर बोलायला तयार न्हाय. आनलीय घरी. ये तू."

इंद्रजीत तसाच मोटारसायकलकडे धावला.

ती थेट कमलाकर सरांकडे गेली. सर सत्तरीचे, दम्याचे. गॅलरीत बसून शेंगा सोलत होते. तिने सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता. ते सोलत राहिले.

"काम कधी सुरू केलंस?"

"तेरावं झाल्यावर."

"आणि मला म्हणालीस, ठीक आहे. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायला हवं होतं." त्यांनी टरफलं बाजूला सारली. "चुकलं काय, सांग."

"मी त्यांना हात लावू दिला."

"त्यात काही मोठं पाप नाही. मी माणसांचे हात धरलेत. एका बापाला तर मिठी मारलीय, त्याचा मुलगा गेला तेव्हा. ती बाई आपल्या लेकीकडे निघाली होती, उत्कर्षा. मेलेल्या लेकीकडे. ती वाट तिला एकटीनेच चालायची होती आणि तू सोबत जायचंस. तू वाटेत पाट मांडून बसलीस, आणि म्हणालीस, मलाच वाढ."

तिने मान हलवली.

"उद्या जाऊन माफी मागते."

"माफी मागितलीस तर ती तुझे डोळे पुसायला उठेल. परत तेच. खरं काय ते थोडक्यात सांग. आणि रडू नकोस."

"रडू आलं तर?"

"तर इथे येऊन रड. तिच्यापुढे नाही. यापुढे तिला दुसरं कुणी बघेल. पद्मजा बोल्लीला मी सांगतो. आणि तू काही दिवस त्या खुर्चीवर बसायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती करकंबला निघाली. आदल्या संध्याकाळीच गावी गेलेला इंद्रजीत सयाजीकाकांना आईपाशी बसवून तिला घ्यायला मोडनिंबला आला होता. त्याने तिच्याकडे न बघताच गाडीला किक मारली. मोडनिंबच्या पुढे ऊस लागला, दोन्ही बाजूंनी.

बजाबाई सोप्यात बसल्या होत्या, पुढ्यात पाण्याने भरलेलं घमेलं, हात मनगटापर्यंत आत. डोळे सुजलेले नव्हते. कोरडे होते, आणि तेच वाईट होतं. इंद्रजीत पायरीवर बसला. उत्कर्षा समोर, हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर.

"कशाला आलाय?" 'तू'चं पुन्हा 'तुमी' झालं होतं.

"एक सांगायचं होतं. माझी आई गेलीय. तुम्ही यायला लागलात त्याच्या थोडं आधी. तुम्ही डोक्यावरून हात फिरवू का म्हणालात, तेव्हा तुम्हाला काय होतंय ते बघणं माझं काम होतं. मी ते बघितलं नाही. मला हात हवा होता, म्हणून मी मान पुढे केली. त्यात तुमच्या रेश्माचं राहून गेलं."

गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली, साखळी वाजली.

"कवा गेली?"

"शिवरात्रीच्या आधी."

"मंग आधी सांगायचं की!"

"हो."

"मी आपली गुरवारच्या गुरवार कुरवाळतीया पोर समजून. आन तुमी तितं आपल्या आयला धरून बसलेल्या." बजाबाई हसल्यासारखं काहीतरी करून थांबल्या. "म्हंजे माझी पोरबी खोटी, आन तुमची आयबी खोटी. बरं सोंग झालं की आपलं दोघींचं."

उत्कर्षाने खालचा ओठ दातांत धरला.

"आन मनगट का धरलं?"

"घाबरले. तुम्ही माझे पाय दक्षिणेला केलेत, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. त्याची भीती वाटली. तुमची नाही."

बजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत माफी नव्हती. नव्याने आलेल्या माणसाला बघावं तशी नजर होती ती.

"मावशी, आत्ता तुमचा हात धरू का? तुम्हाला हवा असला तरच. नको म्हणालात तरी मी इथेच बसेन."

"नगं."

"बरं."

"नगं म्हनले न्हवं? कुनाचा हात नगं मला." त्यांचा आवाज चढला. "हात माझं हैत. माझं हात मला तिला लावायचं हुतं. तुमाला न्हाय. ह्याला न्हाय. तिला!" त्यांनी हात पाण्यातून उपसले. पाणी सोपाभर उडालं. "रेश्मे! फोनवर म्हनलीस, आई कनकन हाय गं, तवाच का न्हाय उठले मी? पानी सोडायचं हुतं उसाला. आग लागो त्या उसाला! कुनी इंचारलं गं तुझं केस? गुंता कुनी काढला? तुला वडलेलं खपत न्हाय, सांगितलंस का त्यास्नी? कुनाच्या हातचं कुंकू लावून घेतलंस, सांग की! मी तितं हुते. चार पावलांवर हुते मी, रेश्मे, उठून म्हनायचं न्हाय व्हय, माझ्या आईला येऊ द्या?"

त्या सारवलेल्या जमिनीवर तळवे आपटत होत्या, मग आपटणं थांबलं आणि तळवे जमिनीवरून फिरायला लागले, सावकाश, एखाद्याच्या अंगावरून फिरावे तसे. आवाज शब्दांच्या पलीकडे गेला होता. शेजारच्या बाया कुंपणाशी जमल्या. उत्कर्षाने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिचं सगळं अंग पुढे ओढ घेत होतं, आणि ती ओढ बजाबाईंसाठी होती की स्वतःसाठी, हे तिला आत्ताही सांगता आलं नसतं. म्हणून ती हलली नाही.

इंद्रजीत पायरीवरून उठला होता. त्याने उत्कर्षाकडे पाहिलं, विचारल्यासारखं.

"मला काय विचारताय?" ती हळूच म्हणाली. "तुमच्या आई आहेत. तुमचीही बहीण होती."

तो आईजवळ जाऊन बसला. हात लावला नाही, नुसता बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. मग बजाबाईंनीच मातीने भरलेला हात उचलून त्याच्या मानेत घातला आणि त्याचं डोकं खाली ओढलं, आणि तो एवढा बाप्या माणूस शाळेतल्या पोरासारखा हुंदके देऊ लागला. उत्कर्षा समोर बसून होती. तिला धरायला तिथे कुणी नव्हतं, आणि असूही नये, हे तिला कळत होतं. कळण्याने काही हलकं होत नव्हतं.

उन्हं सोप्यात आली तेव्हा सयाजीकाकांनी चहा पाठवला. बजाबाईंनी कप हातात घेतला. आग गेली का, असं कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. विहिरीवर आता पंप चालू होता आणि इंद्रजीतने तिकडे एक माणूस बसवला होता.

"मावशी, माझ्याकडे आता यायचं नाही," उत्कर्षा म्हणाली. "मी सध्या कुणालाच बघणार नाही. पण तुम्ही थांबू नका. सोलापुरातच पद्मजा बोल्ली म्हणून एक बाई आहेत. माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, पण चांगल्या आहेत. इंद्रजीत तुम्हाला घेऊन जातील."

"आनी पयल्यापासनं समदं सांगायचं?"

"हो. रेश्माचं सगळं."

बजाबाईंनी चहाचा घोट घेतला. बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"तिची आय हाय का?"

उत्कर्षाने आपला कप खाली ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "त्यांच्याजवळच राहते."

"मंग यीन," बजाबाई म्हणाल्या.